आंब्यावरची निवटी

सगुणा तांडेलची आणि माझी ओळख भांडणातून झाली. भांडण माशांवरून होतं आणि त्यात एकही मासा नव्हता.

नौपाड्यात माझं झेरॉक्सचं दुकान आहे. लोक कागद देतात, मी वाचतो. वाईट सवय आहे, मान्य. पण कायदा मी असाच शिकलो. लोकांच्या नोटिसा, लोकांचे करार, कोर्टाचे आदेश वाचत वाचत. कॉलेजची पायरी चढलो नाही, तरी आज झाड तोडायची नोटीस लागली की अर्ध्या ठाण्याचे फोन मला येतात.

त्या दिवशी आलेली बाई साठीला टेकलेली. सावळी, ताठ, नाकात चमकी. वर्तकनगरची त्यांची जुनी बिल्डिंग पुनर्विकासाला जाणार होती, त्याचे कागद काढायचे होते. वडिलांच्या नावावरची खोली, वारस दाखला, संमतीपत्र. त्या गठ्ठ्यात चुकून एक शंभर पानी वही आलेली. मी उघडली. आत तीन रकाने. पहिल्यात नावं: बोंबील, जवळा, मांदेली, कोलंबी, निवटी. दुसऱ्यात तारखा. तिसऱ्याच्या डोक्यावर लिहिलेलं 'कोणी पाहिलं', आणि खाली प्रत्येक ओळीत एकच शब्द. मी. मी. मी. पानंच्या पानं.

"मावशी, कुठला मासा कधी आणला ते लिहून ठेवता काय?"

"तुला झेरॉक्स मारायला दिलंय की वाचायला?" तिने वही हिसकावली. "आणि मावशी कोणाला म्हणतोस? स्वतःचे केस बघ आरशात."

मी पण गप्प बसणाऱ्यातला नाही. म्हटलं, एवढं लपवायचं असेल तर घरी ठेवायचं. ती म्हणाली, घरच जातंय, ठेवू कुठे? मग मी चहा मागवला. माझी भांडणं बरेचदा अशीच मिटतात.

ते मासे म्हणजे फुलं होती, आणि तारखा ती उमलल्याच्या. पुस्तकात आमरी म्हणतात, हल्ली सगळे ऑर्किड म्हणतात. दुसऱ्या झाडाच्या फांदीवर बसणारी, हवेतली ओल पिऊन जगणारी. सगुणाताई चेंदणी कोळीवाड्यातली. नावं ठेवायची वेळ आली तेव्हा तिच्याकडे पुस्तक नव्हतं, खाडी होती. लांब लोंबणाऱ्या तुऱ्याचा झाला बोंबील. राईएवढी फुलं दाटीवाटीने येतात तो जवळा.

तिची गोष्ट तिने एका दमात कधीच सांगितली नाही. तुकड्यातुकड्याने मिळाली ती अशी. बाविसाव्या वर्षी कल्याणला लग्न करून दिली, दीड वर्षात परत आली. नवऱ्याने टाकलं की हिने टाकलं, ते तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. खाडीत मासा उरला नव्हता म्हणून बाप पालिकेत मजूर झालेला. तो नोकरीत असतानाच गेला, त्याच्या जागी ही लागली. बागेच्या खात्यात. पुढे करवतवाले फांद्या पाडायचे, मागे ही पाला गोळा करायची. कोळीवाड्यातल्या घरात भाऊ-भावजया होत्या, हिच्या वाट्याला वर्तकनगरची ती खोली आली. तिसरा मजला, पूर्वेची गॅलरी.

एकदा पाडलेल्या आंब्याच्या फांदीवर हिला पांढऱ्या जाड मुळांचं काहीतरी दिसलं. मुकादम होता तानाजी. तो म्हणाला, "टाक गाडीत, बांडगूळ आहे." हिने पदरात बांधून घरी नेलं. पुढे गँगमध्ये हिचं नावच पडलं, बांडगूळवाली. हिने तानाजीला दहा वेळा समजावलं की बांडगूळ झाडाचं रक्त पितं, हे नुसतं बसायला जागा मागतं. तो दहाही वेळा हसला.

तीस वर्षांत गॅलरी भरली. बापाच्या जुन्या जाळ्याच्या तुकड्यांत नारळाची सोडणं बांधून त्यावर एकेक रोप. मासे धुतलेल्या पाण्यात चारपट साधं पाणी घालून ते शिंपडायची. वास यायचा, शेजारी कटकट करायचे. मॉलमध्ये असतात तसली जांभळी ऑर्किडं तिच्याकडे एक नव्हती. पाहुण्याने बघून "वा" म्हणावं असं काहीच नव्हतं. पाहुणे येतही नव्हते म्हणा.

त्यात सगळ्यात कुरूप निवटी. निवटी म्हणजे खाडीच्या चिखलात उड्या मारणारा, डोळे बाहेर आलेला मासा. पाण्याबाहेर राहतो तरी मरत नाही. हे रोप तिला खडवलीला मिळालं. भाचीचं लग्न होतं. नवरीला हळद लावायला सवाष्णी उठल्या तेव्हा हिला कोणीतरी म्हणालं, तू जरा चपलांकडे लक्ष दे. ही उठली आणि सरळ बाहेर चालू लागली. रस्त्यापलीकडे लाकडाची वखार होती, आणि तिथल्या ओंडक्यावर हिरव्या तारांसारखी गोल पानं. लग्नाचं जेवण न जेवता ही ते घेऊन घरी आली.

नऊ वर्षांत निवटी तीनदा फुलली. फूल नखाएवढं, काळपट जांभळं, खोडाला चिकटून. किडा बसलाय असं वाटतं. मी हे सगळं तिच्या तोंडून ऐकलेलं. फूल तेव्हा पाहिलं नव्हतं.

बिल्डिंग रिकामी झाली. भाड्याची जागा तिला परवडली ती डोंबिवली पूर्वेला, तळमजल्यावर. खिडकीपासून दोन हातांवर दुसऱ्या बिल्डिंगची भिंत. दुपारी बारालासुद्धा ट्यूबलाइट. आमरीला हवा हवी, कोवळं ऊन हवं. पहिल्या सहा महिन्यांत बोंबील सडला. मग मांदेली. मी एकदा गेलेलो तेव्हा खिडकीच्या गजाला नुसती सोडणं लटकत होती.

"काढून टाक ना, ताई."

"कशाला? जागा अडते का कोणाची?"

दुसऱ्या वर्षी जूनमध्ये एकटी निवटी उरली. तीही पिवळी पडायला लागली तेव्हा सगुणाताईने ती उचलली आणि वर्तकनगरला घेऊन आली. जुन्या बिल्डिंगच्या फाटकाशी, रस्त्याच्या कडेला एक आंबा आहे. नोकरीत असताना तिनेच त्याचा पालापाचोळा वर्षानुवर्षं उचललेला. खोडाला फाटा फुटतो तिथे, हात वर केला की पोचेल इतक्या उंचीवर, तिने निवटी बांधली. बांधायला नायलॉन चालत नाही, मुळं कापतं. सुती चिंधी लागते. ती ओल धरते आणि दोनेक पावसाळ्यांत कुजून आपोआप गळते. तोवर मुळांनी साल पकडलेली असते. चिंधी होती तिच्या आईच्या लुगड्याची. लाल, हिरव्या काठाची.

आता विचार करा. सकाळी सहाची वेळ. एकटी बाई, कपाळ मोकळं, आंब्यासमोर उभी राहून लाल वस्त्र बांधतेय, मग हात लावून दोन मिनिटं थांबतेय. दूध आणायला निघालेल्या बायका दुसरं काय समजणार?

श्रावणात तिथे दुसरी चिंधी आली. गणपतीपर्यंत नऊ झाल्या. नवरात्रात मी मोजायचं सोडलं. आंब्याला नवसाची चिंधी बांधलेली बघितलीय कोणी कधी? वड, पिंपळ, उंबर समजू शकतो. पण इथे हळदकुंकू, खोबरेल तेल, उदबत्त्या, नारळ. कोणी म्हणे देवी आहे, कोणी म्हणे जुना राखणदार. बांधायची जागा मात्र सगळ्यांची एकच. पहिली गाठ जिथे आहे, तिथेच. निवटीच्या छाताडावर.

मी असल्या गोष्टींवर चौकात भाषणं ठोकणारा माणूस. रागाने लाल झालो. इथे देवबिव काही नाही असा बोर्ड लावायचं ठरवलं, मजकूरसुद्धा लिहिला. आणि डिसेंबरात आंब्याला नोटीस लागली. बांधकामाच्या ट्रकांना वळायला अडचण म्हणून झाड काढायचं. मी सात पानी हरकत टाइप केली, पोच घेतली. सुनावणीत काय होतं ते मला माहीत आहे. पालिकेतून बाहेर आलो, आंब्यासमोर उभा राहिलो, त्या चिंध्यांकडे बघितलं आणि माझ्या डोक्यात शिरलं की माझी सात पानं एका बाजूला आणि ही फडकी एका बाजूला. घरी जाऊन बोर्डाचा कागद फाडला.

सगुणाताई दर मंगळवारी डोंबिवलीहून यायची आणि कोणी बघत नाही असं बघून निवटीवरच्या गाठी सैल करायची. जानेवारीच्या शेवटच्या मंगळवारी मेघना नावाच्या मुलीने तिला पकडलं. समोरच्या सोसायटीतली, लग्नाला सहा वर्षं झालेली, मूल नाही.

"ओ काकी! दुसऱ्यांचे नवस सोडता? लाज नाही वाटत? माझी गाठ आहे ती!"

ताई तिथून पळाली. साठीची बाई, रस्त्यावरून पळाली. थेट माझ्या दुकानात आली. धाप लागलेली.

"मी सांगणार त्यांना," ती म्हणाली. "देवबिव काय नाय. माझं रोप हाय, मरतंय ते."

"वेडी आहेस का? सांगितलंस तर चिंध्या जातील. चिंध्या गेल्या की दुसऱ्या दिवशी करवत येईल. झाडच नसेल तर रोप कशावर ठेवशील?"

"आणि चिंध्या राहिल्या तर रोप नाय. मग झाड घेऊन मी काय करू?"

"शंभर वर्षांचं झाड आहे ते! एका किड्यासारख्या फुलासाठी..."

बोलून गेलो. दुकानात गिऱ्हाइकं होती, सगळी बघायला लागली. सगुणाताईने माझ्याकडे असं बघितलं की वाटलं, कानाखाली मारली असती तर बरं.

"तू पण मुकादमच," म्हणाली आणि गेली. दोन महिने तिने माझा फोन घेतला नाही. माझी चूक होती, पण माफी मागायची मला सवय नाही. मी रोज फोन करायचो, ती उचलायची नाही, हीच माझी माफी.

फेब्रुवारीत एका सकाळी गाडी आली. करवती, दोर, शिडी, सहा माणसं. मला फोन आला तसा शटर अर्धं टाकून रिक्षा पकडली. पोचलो तेव्हा पंचवीसेक बायका झाडाला वेढा घालून उभ्या. मी माझी सात पानं वर धरून ओरडत होतो, ऐकायला कोणाला वेळ होता? आणि मुकादम कोण, तर तानाजी. निवृत्तीनंतर ठेकेदाराकडे लागलेला.

दिवस मंगळवार होता. सगुणाताई आलेली. गर्दीच्या मागे उभी, हातात पाण्याची बाटली.

तानाजी शिडी लावायला जागा शोधत होता. चिंध्या बाजूला सारल्या आणि थबकला. आतून दोन हिरव्या तारा बाहेर आलेल्या. त्याने वळून बघितलं, गर्दीत त्याला ती दिसली.

"सगुणा? अगं, हे तुझं बांडगूळ ना?"

मेघना पुढे आली. "काय म्हणाले हे? तुमचं काय? म्हणजे काकी, इथे नवस नाहीये?"

मला तेव्हा कळलं की आता हिच्या हातात आहे. खरं बोलली तर झाड पडणार, झाडाबरोबर निवटी. गप्प बसली तरी आज ना उद्या निवटी गुदमरणार. मी तिला डोळ्यांनी खुणावत होतो. ती माझ्याकडे बघतच नव्हती.

"नवस माझाच," ती म्हणाली. "पयला माझा. आईच्या लुगड्याची गाठ हाय ती, लाल. बघा सगळ्यांच्या खाली." मग मेघनाकडे वळली. "फिटला तो. म्हणून सोडायला येत होते. तू मना चोर ठरवलीस."

मेघनाचा चेहरा उतरला. "काय मागितलं होतं, काकी?"

"जागा."

"मिळाली?"

"मिळाली."

बायकांमध्ये एक कुजबुज फिरली. ज्यांच्या बिल्डिंगा पाडल्या आहेत आणि ताबा लटकलाय त्यांच्या डोळ्यांत काय चमक आली म्हणून सांगू! एक म्हातारी लगेच हात जोडून मोकळी.

"पण रीत अशी हाय," सगुणाताई आता मोठ्याने बोलायला लागली, जणू लहानपणापासून हेच करत आलीय, "फिटलेल्या जागेवर दुसऱ्याने बांधायचं नाय. ती जागा उघडी ठेवायची. हळद नाय, तेल नाय, काय नाय. खाली बांधा, खोडाला. आपापल्या गाठी आपणच हलवा, दुसऱ्याचा हात नको."

ही रीत तिने त्या मिनिटाला जन्माला घातली. एकीनेही विचारलं नाही की कुठली रीत. बायका रांगेने पुढे आल्या आणि ज्यांची त्यांनी गाठ सोडून खाली बांधली. पाऊण तास लागला. करवतवाले विड्या ओढत बसले. मी माझी पानं घडी करून खिशात घातली.

शेवटी राहिली लाल गाठ. सगुणाताईने चपला काढल्या, टाचा उंचावल्या. एक हात निवटीखाली धरला, अंघोळीला तान्ह्या बाळाच्या मानेखाली धरतात तसा. सात महिने चिंध्यांखाली दबलेली, मुळांनी साल धरलीय की नाही कोणाला माहीत? गाठ सुटली. तिने खालचा हात हळूहळू काढून घेतला. निवटी जागेवर राहिली. पानं वाळलेली, तेलाने माखलेली, पण तीन पांढरी मुळं सालीत घुसून बसलेली.

तानाजीने हे सगळं बघितलं. तो आमरीलाही बांडगूळच म्हणणारा माणूस, पण मूर्ख नव्हता. त्याने शिडी उचलली. "चला रे," पोरांना म्हणाला, "नवस फिटलेल्या झाडाला मी हात लावत नाही. ठेकेदाराला सांगा दुसरा माणूस बघ." दुसरा माणूस अजून मिळालेला नाही. फाटक नंतर दहा फूट सरकलं, ट्रक वळायला लागले, फाइल पडून आहे. माझी हरकतही त्याच फाइलमध्ये असेल. कोणी वाचली असेल असं वाटत नाही.

आंब्याखाली आता ताब्याचे नवस असतात. एका चिंधीला चक्क कुलपाची किल्ली लटकवलेली. सगुणाताई गेली की बायका तिला रस्ता देतात, आग्रहाने प्रसाद हातावर ठेवतात. "काकी, तुमचा फ्लॅट कितव्या मजल्यावर?" असं विचारतात. ती "वरच" म्हणते आणि बाटलीतलं पाणी शिंपडते. पाणी कशाला, हे कोणी विचारत नाही. रीत असेल म्हणतात. रोज सकाळी त्या जागेला हात जोडणाऱ्या पन्नास-साठ बायका असतील, त्या दोन हिरव्या तारा एकीनेही पाहिलेल्या नाहीत. संध्याकाळी ही डोंबिवलीला त्या ट्यूबलाइटखाली परत.

एप्रिलमध्ये तिचा फोन आला. दोन महिन्यांनी का होईना, माझी माफी पोचली म्हणायची.

"आयलंय," म्हणाली.

"काय? नोटीस?"

तिने फोन ठेवला. तेव्हा समजलं.

मी गेलो तेव्हा ती फाटकाशी उभी होती. मी आंब्याकडे बघितलं. एक मिनिट, दोन मिनिटं. काही दिसेना. विचारायची लाज वाटली. शेवटी तीच म्हणाली, "डावीकडे. अजून खाली. पानाच्या बगलेत." तेव्हा दिसलं. काळपट, जाड, ओलसर चमकणारं, आणि खरोखर चिखलातून डोळे वटारून बघावं तसं. सुंदर होतं असं मी म्हणणार नाही, खोटं होईल. पण त्याच्यावरून नजर काढता येईना.

तेवढ्यात मेघना आली. नमस्कार केला आणि बोट पुढे करून म्हणाली, "काकी, तुमच्या जागेवर किडा बसलाय बघा. उडवू?"

"असू दे," सगुणाताई म्हणाली. "राहू दे त्याला."

मेघना गेली. ताईने पिशवीतून वही काढली. निवटी, मग तारीख. तिसऱ्या रकान्यावर पेन थांबलं. मी गळा साफ केला. खरं सांगतो, मला वाटलं होतं की आता माझं नाव येणार. इतकी वर्षं ओळीने 'मी', 'मी', आणि आज पहिल्यांदा दुसरं नाव.

"माझं लिही ना."

"तू कुठे पाहिलंस? मी दाखवलं." तिने 'मी' लिहिलं, वही मिटली. "आपण होऊन बघशील तेव्हा लिहीन."

दुसऱ्या कोणी असं तोंडावर सांगितलं असतं तर मी सोडलं नसतं. चहा घेऊ म्हटलं, तर नको म्हणाली, आणि रिक्षा स्टँडकडे चालायला लागली.

ताबा अजून कोणालाच मिळालेला नाही, तिलाही नाही. त्या फुलाला आता वर्ष होईल, मार्च संपत आलाय. वर्तकनगरला काम नसलं तरी मी दुकान उघडायच्या आधी तिकडून जातो. आंब्यासमोर उभा राहतो, मान वर करतो, पानांच्या बगला एकेक करून बघतो. बायकांना वाटतं, यानेही काहीतरी मागितलंय. वाटू दे. आज सकाळपर्यंत तरी काही नव्हतं.